पिवळ्या कार्डावरची पांढरी चौकट छापून पिवळीच आली: 'पेपर' आणि 'व्हाइट' स्वॉचचा नेमका फरक काय?

केळीपट्टा (ता. रावेर)

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, निवडणूक आली की पत्रकं, अशी कामं असतात. दहा वर्षं कोरलवर काढली, गेल्या वर्षापासून इनडिझाइन हे अ‍ॅडोबचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिकतोय. परवा एका पत्रिकेत असा फटका बसला की दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

काम लग्नाच्या ५०० पत्रिकांचं. यजमानांनी स्वतः हळदी रंगाचं जाड कार्ड पसंत केलं, आतबाहेर एकाच रंगाचं. मी इनडिझाइनमध्ये पान घेतलं. स्वॉचेस पॅनेलमध्ये, म्हणजे तयार रंगांच्या यादीत, 'पेपर' नावाचा स्वॉच आधीपासूनच होता. त्यावर डबल क्लिक करून कार्डासारखा पिवळा दिला तर सगळं पानच पिवळं झालं. मला वाटलं, हेच तर पाहिजे होतं. वर '॥ कानबाई माता प्रसन्न ॥', खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', सगळा मजकूर मरून रंगात, आणि वधूवरांचा एक फोटो.

वधूवरांच्या नावामागे पांढरी चौकट हवी होती. चौकटीला 'पेपर' दिला तर ती पिवळी दिसायला लागली. म्हणून नवा स्वॉच केला, सी, एम, वाय, के या छपाईच्या चारही शाया ०, आणि नाव दिलं 'पांढरा'. स्क्रीनवर चौकट दुधासारखी पांढरी. पीडीएफ काढली तर मात्र पानाचा पिवळा गायब, सगळं पान पांढरं. मला वाटलं पीडीएफमध्येच काही गडबड असेल, म्हणून यजमानांना स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. घरच्या सगळ्यांनी बघितला आणि एकमताने होकार दिला.

ऑफसेटवर छापून गठ्ठे आले. सोडून बघतो तर चौकट नाहीच. नावं थेट पिवळ्यावर, आणि फोटोतल्या दोघांना कावीळ झाल्यासारखे चेहरे. प्रेसवाले म्हणतात, फाइलमध्ये पांढरं नव्हतंच. मी म्हणतो होतं, मला दिसत होतं. मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. 'पेपर' म्हणजे काय, मी केलेला 'पांढरा' म्हणजे काय, आणि या ५०० कार्डांचं आता काही होऊ शकतं का? लग्नाला २२ दिवस आहेत.

---

पांझरेकाठ (धुळे)

दादा, आधी शांत व्हा. प्रेसवाल्यांचं म्हणणं खरं आहे, आणि तुम्हाला चौकट दिसत होती हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते सांगतो. ऑफसेटवर माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आपल्याकडे घरांना गेरू देतात ना, तसं समजा. चुन्याने पोतारलेल्या भिंतीवर गेरू देताना मधे चौकोन मोकळा सोडला, तर तो पांढरा दिसतो. तो पांढरा कुणी लावलेला नसतो, मागची भिंत दिसत असते. तेच काम मातीच्या भिंतीवर केलं तर मोकळा चौकोन मातीच्याच रंगाचा राहणार. ऑफसेटचं असंच आहे. मशीनवर शाई चार: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. पांढरी शाई त्यात नसते. आपण ज्याला पांढरं म्हणतो ती शाई न लागलेली जागा असते. कागद पांढरा असतो म्हणून ती पांढरी दिसते.

इनडिझाइनमधला 'पेपर' हा स्वॉच म्हणजे ही मोकळी जागा. तो ज्या वस्तूला द्याल तिच्या आकारात खालचे सगळे रंग कापले जातात आणि कागद उघडा पडतो. याला नॉकआउट म्हणतात. तुम्ही 'पेपर'वर डबल क्लिक करून रंग बदललात, ती सोय फक्त डोळ्यांसाठी आहे, की या कागदावर काम साधारण कसं दिसेल. मशीनवर प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते, तो रंग कुठल्याही प्लेटवर जात नाही आणि पीडीएफमध्येही जात नाही. म्हणून तुमची पीडीएफ पांढरी आली. पीडीएफमध्ये काही बिघाड नव्हता. उलट तुमच्याकडे खरं बोलणारी तेवढीच एक गोष्ट होती.

आता तुमचा 'पांढरा'. चारही शाया ०. म्हणजे प्लेटच्या दृष्टीने 'पेपर' आणि 'पांढरा' एकच, दोन्हीकडे शाई शून्य. फरक फक्त स्क्रीनवर. 'पेपर' तुम्ही पिवळा केला होता म्हणून तो पिवळा दिसला. 'पांढरा'ला कागदाच्या रंगाशी देणंघेणं नाही, तो पांढराच दिसत राहिला. स्क्रीनने जी चौकट दाखवली ती छापणं त्या मशीनला शक्यच नव्हतं.

फोटोचंही कारण तेच. घरातल्या कुठल्याही छापील फोटोवर भिंग धरून बघा. चेहऱ्यावर बारीक ठिपके आणि त्यांच्यामधे मोकळा कागद दिसेल. कातडीचा उजळपणा त्या मोकळ्या कागदातून येतो. तिथे हळदी रंग आला की चेहरा तसाच होणार. शिवाय ऑफसेटची शाई पारदर्शक असते, मागचा रंग तिच्यातून वर येतोच.

आणखी एक, 'नन' आणि 'पेपर' यांची गल्लत करू नका. 'नन' दिलेली चौकट म्हणजे काच, खालचं सगळं दिसतं. 'पेपर' दिलेली चौकट म्हणजे खालचं कापून काढलेलं. एखाद्या वस्तूचा रंग काढून टाकायचा असेल तर 'नन' द्यायचा, 'पेपर' नाही. नवीन मुलं इथेच चुकतात, कारण पांढऱ्या पानावर दोन्ही सारखेच दिसतात.

ही पद्धत आजची नाही. पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर १९८५ चं, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतही 'नन', 'पेपर', 'ब्लॅक', 'रजिस्ट्रेशन' अशीच यादी होती. पेजमेकर करणारी आल्डस कंपनी अ‍ॅडोबने १९९४ मध्ये घेतली आणि १९९९ मध्ये इनडिझाइन आणलं, त्यातही हीच नावं राहिली.

---

बोरीकाठ (अमळनेर)

भाऊ, हाई मनासंगे बी व्हयनं शे, फक्त उलट्या बाजूनं.

एका दुकानाचं पत्रक दरवर्षी माझ्याकडे यायचं. मालकांनी मोबाइल नंबर बदलला. मी जुन्या नंबरवर पांढरी चौकट ठेवली आणि वर नवा नंबर टाकला. पान पांढरं, काम चोख. पुढच्या वर्षी मालक म्हणाले, मागे फिका केशरी द्या. दिला, आणि नंबरमागे पांढरं ठिगळ उभं राहिलं. घाईत मी चौकटीला 'नन' दिला, तर खालचा जुना नंबर वर आला. दोन नंबर एकावर एक, आणि तसंच छापायला गेलं. तेव्हापासून माझ्याकडे पांढऱ्या चौकटीने काहीही झाकायचं नाही. चुकीचा मजकूर असेल तर तो काढायचा. पीडीएफमध्ये तर झाकलेला मजकूर सिलेक्ट करून कॉपीही करता येतो, म्हणजे झाकून काही उपयोगच नाही.

कोरलवाल्यांसाठी: पॅलेटमधला फुलीचा चौकोन म्हणजे 'नो फिल', आणि पांढरा चौकोन म्हणजे चारही शाया शून्य. कोरलमध्ये 'पेपर' नावाचा वेगळा रंग नाही, पण फुली आणि पांढरा यांतला फरक हाच.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

केळीपट्टा भाऊ, तुमच्या कार्डांचा मार्ग आहे. माझं स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापायचं काम आहे, आणि आमच्याकडे पांढरी शाई असते. खरी, डब्यात मिळणारी, दाट. ती मागचा रंग झाकते. गडद कार्डावर पांढरी किंवा सोनेरी अक्षरं बघता ना, ती बहुतेक स्क्रीनचीच.

तुमच्या कार्डावर नावं मरूनमध्ये आधीच छापलेली आहेत. मी असं करेन: नावांवर चौकटीच्या आकारात पांढऱ्याचा एक हात. तो पूर्ण सुकला की दुसरा, कारण एका हातात खालचं मरून छायेसारखं दिसत राहतं. मग त्या पांढऱ्यावर नावं पुन्हा मरूनमध्ये. म्हणजे कार्ड तीनदा स्क्रीनखालून जाणार. ऑफसेटची शाई आधी पूर्ण वाळलेली पाहिजे. फोटोला हात लावता येणार नाही, तो तसाच राहील. हवं तर फोटोवरही पांढरी चौकट मारून तिथे दुसरा मजकूर घेऊ.

आता फाइल कशी द्यायची ते नीट ऐका. इथे दहापैकी आठ जण चुकतात असं मी रोज बघतो. छपाईची स्क्रीन बनवायला पॉझिटिव्ह लागतं, म्हणजे बटर पेपरवर काढलेली प्रिंट. जिथे शाई पाहिजे तिथे पॉझिटिव्ह काळं हवं, मग शाई पांढरी असो, सोनेरी असो की निळी. तुम्ही पांढऱ्या चौकटीची फाइल पांढऱ्यातच पाठवली तर माझ्या बटर पेपरवर काहीच उमटणार नाही. प्रिंटर कोरा कागद बाहेर काढतो आणि लोक फोनवर सांगतात, "फाइलमध्ये आहे, नीट बघा." म्हणून पांढऱ्याची जी जागा आहे ती १०० टक्के काळी करा, वेगळ्या पानावर ठेवा, आणि पानाच्या कडेला लिहा 'पांढरी शाई, दोन हात'. दुसऱ्या पानावर नावं, तीही १०० टक्के काळी, 'मरून शाई'. दोन्ही पानांवर कोपऱ्यात सारख्याच जागी खुणा, म्हणजे मला जुळवता येईल. चौकट नावांपेक्षा चारही बाजूंनी थोडी मोठी ठेवा, जुनं मरून कडेने डोकावायला नको.

तुम्ही पाच-सहा कार्डं घेऊन या, नमुना काढून देतो. पसंत पडलं तर पुढचं बोलू.

---

केळीपट्टा (ता. रावेर)

अण्णा, जिभाऊ, कसे आभार मानू. गेरूच्या भिंतीचं उदाहरण वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

दोन प्रश्न राहिले. एक, गिऱ्हाइकाला रंगीत कार्डावरचं काम दाखवायचं कसं? 'पेपर' बदलून दाखवलं तर फोटो आणि शून्यवाला पांढरा दोन्ही फसवतात. दुसरा, छापायला जाण्याआधी मला कसं कळावं की कुठे शाई आहे आणि कुठे नाही?

---

मेहरूणकाठ (जळगाव)

दादा, मी जाहिरातींच्या कामात आहे, दोन्ही प्रश्नांना रोज सामोरी जाते.

दाखवण्यासाठी 'पेपर'ला हात लावू नका. सगळ्यात वर एक नवी लेयर करा, नाव द्या 'कार्डाचा रंग'. पूर्ण पानाएवढी चौकट काढा, कार्डाच्या रंगाची, आणि इफेक्ट्समध्ये ब्लेंडिंग मोड 'मल्टिप्लाय' करा, म्हणजे तो रंग खालच्या सगळ्यात मिसळून दिसतो. आता पान, फोटो, तुमचा शून्यवाला पांढरा, सगळं एकदम पिवळं होईल. छापून जसं येणार त्याच्या बरंच जवळ. कार्डाचा रंग अंदाजाने देऊ नका. कोरं कार्ड खिडकीतल्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि आकडे जुळवा. त्या लेयरच्या ऑप्शन्समध्ये जाऊन 'प्रिंट लेयर'ची खूण काढा. पीडीएफ करताना एक्स्पोर्ट लेयर्सची निवड असते. गिऱ्हाइकासाठी 'व्हिजिबल लेयर्स' घ्या, म्हणजे पिवळा रंग सोबत जाईल. प्रेससाठी 'व्हिजिबल अँड प्रिंटेबल लेयर्स' घ्या, म्हणजे तो जाणार नाही. फाइलच्या नावातच 'दाखवायची' आणि 'छापायची' असं लिहून ठेवा, नाहीतर घाईत अदलाबदल होते.

शाई तपासण्यासाठी विंडो मेनूत आउटपुट, त्यात 'सेपरेशन्स प्रिव्ह्यू'. वर 'ऑफ' असेल तिथे 'सेपरेशन्स' करा आणि माउस चौकटीवर न्या. शेजारी चारही शायांचे टक्के दिसतात. तुमच्या 'पांढरा'वर नेलात तर चारही शून्य, 'पेपर'वर नेलात तरी चारही शून्य. त्या रात्री हे एकदा बघितलं असतंत तर प्रेसवाल्यांचं म्हणणं तिथेच पटलं असतं.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण पांढऱ्याचा हा प्रकार याहून वाईट आहे. यात स्क्रीनवर नीट, साध्या प्रिंटरवर नीट, आणि फक्त प्लेटवर गायब.

एका सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. लोगो इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून आला होता. मूळ लोगो काळा होता आणि कुणीतरी त्याला 'ओव्हरप्रिंट फिल' लावून ठेवलं होतं. काळ्यासाठी ते बरोबरच असतं. काळी शाई खालच्या रंगावर चढते आणि कडेला पांढरी रेघ राहत नाही. इनडिझाइन तर स्वतःचा १०० टक्के 'ब्लॅक' सुरुवातीपासून ओव्हरप्रिंटच ठेवतं. पण मला लोगो मरून पट्ट्यावर पांढरा हवा होता. मी रंग बदलला, ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. ओव्हरप्रिंट म्हणजे 'खालचं कापू नकोस, वर शाई चढव'. वर चढवायची शाई शून्य. मग काय होणार? खालचा मरून जसाच्या तसा, लोगो नाहीसा. सकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं तेव्हा पट्टा होता आणि दुकानाचं नाव नव्हतं. त्या जाहिरातीचे पैसे मी घेतले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक फाइलला मी व्ह्यू मेनूतला 'ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू' लावून बघते. तो लावला की असा पांढरा तिथल्या तिथे स्क्रीनवरून गायब होतो. प्रीफ्लाइटच्या, म्हणजे छपाईआधी फाइल तपासण्याच्या, प्रोफाइलमध्ये रंगांच्या विभागात पांढऱ्याला किंवा 'पेपर'ला ओव्हरप्रिंट लागलं असेल तर इशारा देण्याची सोय आहे, ती सुरू ठेवा. इलस्ट्रेटरच्या डॉक्युमेंट सेटअपमध्येही 'डिस्कार्ड व्हाइट ओव्हरप्रिंट' आहे. पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही, मूळ वस्तूवरची खूणच काढते.

वर्तमानपत्राचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. न्यूजप्रिंट पांढरा नसतो, राखाडीकडे झुकतो. त्याचा अंदाज घ्यायला व्ह्यूमधल्या 'प्रूफ सेटअप'मध्ये कस्टम निवडून त्या छपाईची प्रोफाइल (तिथल्या कागदावर रंग कसे येतात याची माहिती) घ्या आणि 'सिम्युलेट पेपर कलर' लावा. पान एकदम मळकं दिसतं आणि पहिल्यांदा बघताना जीव खट्टू होतो, पण छापून तसंच येणार असतं. हे 'पेपर' स्वॉच बदलण्यापेक्षा वेगळं आहे, इथे फोटोसकट सगळं बदलून दिसतं. मात्र ते प्रोफाइलमधल्या कागदापुरतंच. हळदी कार्डाची प्रोफाइल कुणी बनवत नाही, तिथे मल्टिप्लायवाली लेयरच बरी.

---

सातपुडा पायथा (ता. यावल)

ताईंचा ओव्हरप्रिंटचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. मी केळीच्या खोक्यांचं आणि वेफर्सच्या पाकिटांचं डिझाइन करतो. पांढऱ्याची खरी परीक्षा आमच्याकडे होते, म्हणून लिहितो.

केळीचं खोकं तपकिरी कागदाचं, छपाई फ्लेक्सोवर (लवचिक प्लेटांची छपाई), बहुतेक वेळा एक किंवा दोन रंगांत. मालक मोबाइलवर पांढऱ्या पानावरचं डिझाइन बघतात, त्यात हिरवं पान आणि पिवळा घड उठून दिसतो. खोक्यावर पिवळा जवळजवळ दिसतच नाही आणि हिरवा काळपट होतो. म्हणून मी पहिला नमुनाच तपकिरी मल्टिप्लायखाली दाखवतो आणि डिझाइन गडद एका रंगात ठेवतो. घडाच्या पोटातली मोकळी जागा तपकिरीच राहणार, म्हणून ती तपकिरीच छान दिसेल असं चित्र काढतो. पांढरं हवंच असेल तर दोन वाटा आहेत: वरचा थर पांढरा असलेला कागद घ्यायचा, नाहीतर पांढऱ्या शाईचा वेगळा रंग मोजायचा. खर्चाचं गणित मालकांना आधीच सांगतो.

वेफर्सचं पाकीट म्हणजे पारदर्शक फिल्म. तिथे 'पेपर' स्वॉचचा अर्थच बदलतो, कारण कागदच नाही. शाई नाही त्या जागी आतले वेफर्स दिसणार. कधी ते मुद्दाम हवं असतं, एक खिडकी सोडायची असते. बाकी सगळीकडे रंगांच्या मागे पांढरा थर लागतो, नाहीतर लाल अक्षरं पिवळ्या वेफर्सवर मळकी दिसतात.

हा पांढरा इनडिझाइनमध्ये असा करायचा. नवा स्वॉच, कलर टाइप 'स्पॉट', म्हणजे चार शायांबाहेरची वेगळी शाई. नाव कारखान्याने किंवा मशीनवाल्याने सांगितलं असेल तेच, अक्षर न् अक्षर तसंच, कारण काही मशीन नावावरूनच पांढरी शाई ओळखतात. स्क्रीनवर दिसण्यासाठी त्याला फिका निळा किंवा गुलाबी द्या. पांढराच दिलात तर कुठे लावलाय हे तुम्हालाच दिसणार नाही. तो गुलाबी छापला जात नाही, ती प्लेट पांढऱ्या शाईच्या युनिटवर चढते. या सगळ्या वस्तू एका वेगळ्या लेयरवर सगळ्यात वर ठेवा आणि अ‍ॅट्रिब्यूट्स पॅनेलमधून 'ओव्हरप्रिंट फिल' द्या. इथे ओव्हरप्रिंट हवाच. नाही दिला तर हा थर खालचे चारही रंग कापून टाकेल, आणि हा थर खाली ठेवलात तर वरचे रंग त्याला कापतील. ताईंच्या जाहिरातीत पांढऱ्याने नुकसान केलं कारण तिथे तो शून्य शाईचा होता. इथे पांढरा ही खरी शाई आहे.

वर ठेवला म्हणून तो वरून छापला जाईल असं नाही, क्रम मशीनवर ठरतो. फिल्मच्या वरच्या बाजूने छपाई असेल तर पांढरा आधी. पाकिटांसारखी आतल्या बाजूने उलटी छपाई असेल तर रंग आधी आणि पांढरा शेवटी, म्हणजे बाहेरून बघताना तो रंगांच्या मागे येतो. सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये बाकी शायांचे डोळे बंद करून फक्त ही एक प्लेट बघा. खिडकीची जागा कोरी आणि बाकी भरलेली दिसली की फाइल बरोबर.

---

बोरीकाठ (अमळनेर)

एक विचारतो. शाई दोघांतही शून्य, तर मग पांढऱ्या अक्षरांना नेहमी 'पेपर'च द्यावा की आपला शून्यवाला पांढरा? इथे दोन मतं ऐकली आहेत.

---

मेहरूणकाठ (जळगाव)

मी वेगळा पांढरा करते. कधीतरी कुणी 'पेपर' बदललं तर माझी सगळी पांढरी अक्षरं स्क्रीनवर बदलतात आणि गिऱ्हाइक घाबरतं.

---

पांझरेकाठ (धुळे)

ताई, इथे माझं मत वेगळं आहे. अक्षरं बदललेली दिसली तर बरंच आहे की! कागद पिवळा असेल तर ती अक्षरं पिवळीच येणार आहेत. शून्यवाला पांढरा हे लपवतो, आणि केळीपट्टा भाऊंचं नुकसान नेमकं त्यानेच झालं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शून्यवाला स्वॉच काढून टाकायला लावतो. फाइलमध्ये मोकळ्या कागदाला एकच नाव, 'पेपर'. खरी पांढरी शाई असेल तर ती 'स्पॉट'. तिसरा पांढरा फाइलमध्ये असूच नये.

आणि पांढऱ्या अक्षरांबद्दल बोलताय तर देवनागरीचं विसरू नका. चार रंगांच्या गडद पट्ट्यातून बारीक पांढरी अक्षरं काढली आणि मशीनवर रंग केसभर सरकला, तरी किरमिजी किंवा निळा अक्षरात शिरतो. आधी भरतात अनुस्वार, रफार आणि उकार. 'वर्षा'चा रफार गेला तर मुलीचं नाव 'वषा' होतं आणि घरचे लोक बरोबर तेच आधी बघतात. अक्षर बारीक असेल तर पट्टा एकाच शाईचा ठेवा, साधा काळा, किंवा टाइप जाड घ्या. पांढऱ्या मजकुराला मी सडपातळ फॉन्ट कधीच वापरू देत नाही.

'रजिस्ट्रेशन'चंही सांगून ठेवतो. तो काळा दिसतो, पण चारही प्लेटांवर १०० टक्के जातो. फक्त कटिंगच्या खुणांसाठी आहे, मजकुराला चुकूनही देऊ नका, शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते.

---

मेहरूणकाठ (जळगाव)

अण्णा, पटलं. 'लपवतो' हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आजपासून माझ्या टेम्प्लेटमधून शून्यवाला पांढरा काढते.

---

केळीपट्टा (ता. रावेर)

मंडळी, काय झालं ते कळवतो.

यजमानांकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. ते आधी गप्प होते, मग म्हणाले, "नमुना दाखव, मग बोलू." मी गुरुवारी पहाटेची गाडी धरून चाळीसगावला गेलो. सोबत सहा कार्डं आणि पेनड्राइव्हमध्ये दोन पानं, दोन्ही काळी, कोपऱ्यात खुणा.

गिरणाकाठ जिभाऊंनी माझ्यासमोर बटर पेपरवर पॉझिटिव्ह काढलं आणि उजेडाकडे धरून दाखवलं. पांढरी व्हायची ती चौकट काळीकुट्ट होती. पहिला हात मारला तेव्हा माझा जीव खाली गेला, कारण पांढऱ्यातून नावं पुसट गुलाबी दिसत होती. जिभाऊ म्हणाले, थांबा. कार्डं रॅकवर सुकायला ठेवली, आम्ही चहा घेऊन आलो. दुसऱ्या हातानंतर मरून गेलं. बोट फिरवलं तर चौकट कार्डापेक्षा किंचित वर आलेली हाताला लागते. मग नावं. एका कार्डावर खुणा जराशा हुकल्या, बाकी पाच नीट.

संध्याकाळी यजमानांच्या ओट्यावर ती पाच कार्डं ठेवली. मुलीच्या आजीने हातात घेऊन चौकटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे तर पहिल्यापेक्षा चांगलं." फोटोवरही पांढरी चौकट मारून तिथे मांडवाचा आणि हळदीचा कार्यक्रम घ्यायचं ठरलं. स्क्रीन प्रिंटिंगचा खर्च मी करतोय, कागदाचे पैसे त्यांनी आधीच दिले आहेत.

आज फोटोच्या जागेच्या दोन फाइली पाठवल्या आहेत. पाठवण्याआधी सेपरेशन्स प्रिव्ह्यू लावून माउस फिरवला, दोन्हीकडे काळा १०० दाखवतोय, बाकी तीन शून्य. जिभाऊ, मिळाल्या का एवढं कळवा.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मिळाल्या. पहिल्या फाइलमध्ये कोपऱ्यातली उजवीकडची खूण राहिली आहे, तेवढी टाकून परत पाठवा. रविवारी पांढऱ्याचा पहिला हात सुरू करतो. सुकायला जागा लागेल, म्हणून एका वेळी १०० कार्डं घेईन.